पेंढ्यावर वाढणारी जनावरे : तंजावरच्या भातपट्ट्यातील आहार, खाद्यपूरके आणि कीटक

गोवंश व म्हैसवर्गीय जनावरांच्या शारीरिक वाढीवर आहार आणि खाद्यपूरके यांचा कोणता परिणाम होतो, याविषयीचे बहुतेक वाङ्मय अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि युरोप येथील मांसोत्पादक जनावरांवर आधारलेले आहे. तेथील बंदिस्त गोठ्यांत मक्यावर पोसलेला गोऱ्हा दिवसाला सव्वा ते दीड किलो वजन सहज वाढवतो. आपल्याकडे चित्र वेगळे आहे. येथे वाढ हवी असते ती कालवडीची, शेतकामासाठी राखलेल्या गोऱ्ह्याची आणि ज्याच्या वाट्याला दूधही पुरेसे येत नाही अशा म्हशीच्या रेडकाची. भारत म्हैसमांसाच्या मोठ्या निर्यातदार देशांपैकी एक असला, तरी त्या मांसाचा मोठा भाग खास मांसासाठी पोसलेल्या जनावरांचा नसतो, दुग्धव्यवसायातून बाजूला पडलेल्या जनावरांचा असतो. त्यामुळे परदेशी संशोधनातील आकडे येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. ते कोठे लागू पडतात आणि कोठे नाहीत, हे पाहण्यास तंजावरचा कावेरी त्रिभुज प्रदेश हे चांगले क्षेत्र आहे. कारण तेथील जनावरांच्या आहाराचा पाया जवळजवळ एकाच वस्तूचा, भाताच्या पेंढ्याचा आहे. कोकणातील पेंढा काय किंवा गोंदिया, भंडारा, गडचिरोली भागातील तणस काय, वस्तू तीच. म्हणून हा विषय महाराष्ट्रातील विस्तार कार्यकर्त्यांनाही परका वाटू नये.

मराठी वाचकांना तंजावर ठाऊक असते ते व्यंकोजीराजांच्या वंशामुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. सरफोजीराजे दुसरे यांच्या धन्वंतरी महालात माणसांबरोबर जनावरांच्या औषधांचाही विचार होत असे, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. त्यांनी मुक्तांबाळच्या नावाने छत्र उभारले ते ओरत्तनाडू येथे. आणि योगायोग असा की, तमिळनाडू पशुवैद्यक व पशुविज्ञान विद्यापीठाचे महाविद्यालय आज त्याच ओरत्तनाडूत आहे.

पेंढा : पोट भरणारा, वाढ न देणारा

मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याचा परंपरागत दिवस १२ जून. त्यानंतर कुरुवै, सांबा आणि तालडी असे भाताचे हंगाम येतात. अडुतुरै येथील भात संशोधन संस्थेने १९२२ पासून या प्रदेशाला अनेक वाण दिले. बुटक्या, लवकर येणाऱ्या वाणांनी धान्य वाढवले; पण पेंढ्याची उंची कमी झाली, आणि कम्बाईन यंत्राने कापणी सुरू झाल्यावर खुंटाचा मोठा भाग शेतातच राहू लागला. म्हणजे धान्य वाढले तरी गव्हाणीत पडणारी वैरण त्या प्रमाणात वाढली नाही.

या पेंढ्यात प्रथिने कोरड्या वजनाच्या अवघी ३ ते ४ टक्के असतात. गव्हाच्या काडात लिग्निन ही पचनातील मोठी अडचण असते. भाताच्या पेंढ्यात तिच्या जोडीला सिलिका येते, तीही १२ ते १६ टक्के. शिवाय ऑक्झलेट असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. पण खरी मेख प्रथिनांत आहे. जनावराच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना काम करण्यासाठी आहारात निदान ७ टक्के प्रथिने लागतात. त्याखाली गेले की सूक्ष्मजीव उपाशी राहतात, तंतू पचत नाहीत, पोट रिकामे होण्यास वेळ लागतो आणि जनावर खातेही कमी. पेंढ्याचा ढीग समोर असूनही जनावर उपाशी राहते, ते असे.

हिशोब मांडून पाहू. १५० किलो वजनाची कालवड निव्वळ पेंढ्यावर ठेवली, तर ती दिवसाला कोरड्या वजनाचा सुमारे तीन किलो पेंढा खाते. त्यातून १२० ग्रॅम प्रथिने आणि सव्वा किलोच्या आसपास एकूण पचनीय अन्नघटक मिळतात. शरीर नुसते टिकवण्यासाठीच साधारण दीड किलो पचनीय अन्नघटक लागतात. ही कालवड वाढणार नाही. ती हळूहळू झिजेल. दिवसाला ४०० ग्रॅम वाढ हवी असेल, तर सव्वाचारशे ते साडेचारशे ग्रॅम प्रथिने आणि सव्वादोन किलोच्या पुढे पचनीय अन्नघटक लागतील. ही दरी कोणत्याही बाटलीतल्या टॉनिकने किंवा चिमूटभर भुकटीने भरून निघत नाही. विस्तार कार्यकर्त्याने शेतकऱ्यापुढे प्रथम हाच हिशोब ठेवावा, असे माझे मत आहे. पूरकांची नावे नंतर.

दरी भरण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग जुनाच आहे. १०० किलो कोरड्या पेंढ्यावर ४ किलो युरिया ५० ते ६० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, थर दाबावेत आणि ढीग प्लास्टिकने हवाबंद झाकून तीन आठवडे ठेवावा. युरियापासून अमोनिया तयार होतो, तो तंतूंची वीण सैल करतो आणि प्रथिनांचे प्रमाण ७ ते ८ टक्क्यांपर्यंत नेतो. खाऊ घालण्यापूर्वी लागेल तेवढा पेंढा काढून तासभर हवेवर पसरावा. सहा महिन्यांखालील वासरांना हा पेंढा देऊ नये, कारण त्यांचे कोठीपोट पुरते विकसित झालेले नसते. या प्रक्रियेत गुळाचे पाणी मिसळण्याची सूचना काही ठिकाणी ऐकू येते. ती मानू नये. साखर आणि अमोनिया यांच्या संयोगातून, विशेषतः उष्णतेत, मेंदूवर परिणाम करणारी संयुगे तयार होऊ शकतात व जनावर पिसाळल्यासारखे धावते. नुसत्या पेंढ्यात साखर कमी असल्याने हा धोका राहत नाही, तो आपण होऊन का ओढवून घ्यावा?

आता त्याच कालवडीला कोरड्या वजनावर सव्वातीन किलो प्रक्रिया केलेला पेंढा, अर्धा किलो उडदाचे कुटार, पाव किलो शेंगदाणा पेंड आणि साडेतीनशे ग्रॅम तेलविरहित भातकोंडा दिला, तर प्रथिने सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास पोहोचतात आणि पचनीय अन्नघटकही सव्वादोन किलोला टेकतात. उडदाचे कुटार येथे मुद्दाम घेतले आहे. त्रिभुज प्रदेशात सांबा भात उभा असतानाच ओलाव्यावर उडीद आणि मूग फेकून पेरण्याची पद्धत आहे. धान्य विकले जाते. कुटाराकडे मात्र पुरेसे लक्ष जात नाही. पेंढ्याच्या दुप्पट-तिप्पट प्रथिने असलेली ही वैरण घरचीच आहे.

याच प्रदेशातील उंबळाचेरी गोवंशाविषयी येथे सांगितले पाहिजे. चिखलणीसाठी घडलेली ही काटक, बेताच्या बांध्याची जात तंजावर, तिरुवारूर आणि नागपट्टिणम जिल्ह्यांत आढळते. तिची वासरे तांबूस जन्मतात व काही महिन्यांनी करडी होतात. बैलांची शिंगे काढण्याची रीत आहे. अशा जातीकडून संकरित कालवडीच्या वेगाची अपेक्षा करू नये. कमी आहारात टिकणे हा तिचा गुण आहे आणि आहाराचे कोष्टक तिच्या वजनावरून काढावे, होल्स्टीनच्या पुस्तकावरून नव्हे. कठाणी किंवा कोकण कपिला पाळणाऱ्यांनाही हेच लागू आहे.

पूरकांचे खरे स्थान

मोनेन्सिन हे आयोनोफोर गटातील द्रव्य अमेरिकेत १९७५ च्या अखेरीस मांसोत्पादक जनावरांच्या खाद्यासाठी मान्य झाले. ते कोठीपोटातील विशिष्ट जिवाणूंना आवर घालते, प्रोपिओनिक आम्लाचे प्रमाण वाढवते व मिथेनच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा काहीशी वाचवते. धान्यप्रधान आहारात खाद्याचा उपयोग यामुळे सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी सुधारतो. आकडा लहान दिसतो. हजारो जनावरांच्या गोठ्यात तो मोठा ठरतो. पण ही टक्केवारी भरपेट, समतोल आहारावरची आहे. झिजणाऱ्या कालवडीच्या आहारावर ५ टक्के सुधारणा म्हणजे शून्याच्या पाच टक्के. प्रतिजैविके वाढीसाठी वापरण्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली आणि मोनेन्सिनही तीत आले. घोड्याला तर ते अल्प मात्रेतही प्राणघातक आहे. जेथे गाय आणि घोडा एकाच अंगणात खातात, तेथे ही गोष्ट विसरून चालणार नाही.

मिथेनच्या रूपाने जनावर खाद्यातील एकूण ऊर्जेच्या २ ते १२ टक्के ऊर्जा गमावते. ही गळती कमी करण्यासाठी बंगळूरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाविज्ञान संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक तयार केले असून त्याने मिथेन १७ ते २० टक्क्यांनी घटते, असे संस्थेने नमूद केले आहे. येथेही क्रम तोच : प्रथम नत्र, मग ऊर्जा, मग खनिजे, आणि त्यानंतर अशी पूरके. खनिज मिश्रणाला मात्र मी पूरकांच्या रांगेत बसवत नाही. पेंढ्यात स्फुरद नगण्य असते, कॅल्शियम ऑक्झलेटने अडवलेले असते. तेव्हा वाढत्या कालवडीला दररोज ३० ग्रॅमच्या आसपास चांगले खनिज मिश्रण हा आहाराचाच भाग आहे.

ॲझोला : उत्साह आणि वजनकाटा

भातखाचरातील ॲझोला हे नेचेवर्गीय पाणवनस्पतीचे खाद्य गेल्या काही वर्षांत शिबिराशिबिरांत सांगितले जाते. कोरड्या ॲझोलात २० ते २५ टक्के प्रथिने असतात, हे खरे. पण ताज्या ॲझोलात ९३ ते ९५ टक्के पाणी असते, हे सांगायचे राहून जाते. दोन किलो ताज्या ॲझोलात कोरडा भाग १०० ते १४० ग्रॅम, आणि प्रथिने पंचवीस-तीस ग्रॅम. म्हणजे मूठभर शेंगदाणा पेंडेइतकी. ज्याच्याकडे पाणी, सावली आणि घरातील मोकळे हात आहेत, त्याने ॲझोला जरूर करावा. पेंडीला पर्याय म्हणून तो विकू मात्र नये.

कीटकशास्त्रज्ञ या नात्याने माझी चिंता वेगळी आहे. ॲझोलाच्या वाफ्यात एलोफिला वर्गातील पतंगांच्या अळ्या जाळी करून पाने खातात, कायरोनोमिड माश्यांच्या अळ्या मुळे कुरतडतात, आणि उन्हाळ्यात आठवड्याभरात हिरवा थर तपकिरी होतो. ॲझोला हिरवळीच्या खतासाठी वाढवत असत, त्या काळच्या शिफारशींत वाफ्यात कार्बोफ्युरानचे दाणे टाकण्यास सांगितलेले असे. तीच जुनी शिफारस जनावरांसाठीच्या वाफ्याला लावणे म्हणजे विष गव्हाणीत टाकणे होय. खाद्यासाठीच्या ॲझोलात कोणतेही कीटकनाशक नको. वाफा लहान ठेवावा, वर बारीक जाळी बांधावी, दाट झालेला थर रोज काढावा, आणि कीड फैलावली तर सगळा थर काढून कंपोस्टात घालून वाफा धुऊन नव्याने भरावा. दुसऱ्या वाफ्यात थोडे निरोगी बियाणे राखून ठेवले असेल, तर नुकसान आठवडा-दोन आठवड्यांचेच होते.

हाच विचार उभ्या भाताबाबतही करावा लागतो. तपकिरी तुडतुडे शेवटच्या टप्प्यात उसळले की शेतकरी घाबरून फवारणी करतो. धान्याला तूस असते, तांदूळ आत झाकलेला राहतो. पेंढ्याला कसलेच आवरण नाही, आणि फवारा बसतो तो नेमका खोडाच्या बुंध्यावर व पानांवर. लेबलावरील प्रतीक्षा कालावधी आपण धान्याच्या संदर्भात वाचतो. ज्या शेताचा पेंढा गोठ्यात जाणार आहे, तेथे तो पेंढ्यासाठी म्हणून वाचावा आणि कापणी त्याआधी करण्याची वेळ आली, तर त्या शेताचा पेंढा वैरणीत घेऊ नये.

किडीमागून बुरशी, बुरशीमागून विष

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अज्ञात रोगाने मेले. कारण शोधता शोधता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत माग लागला आणि अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाची ओळख झाली. एस्परजिलस बुरशीला शेंगेत किंवा दाण्यात शिरण्यासाठी वाट लागते, आणि ती वाट अनेकदा कीटक करून देतो. शेंगदाण्यातील भुंगेरा टरफलाला भोक पाडतो. २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम आढळून देशभर पसरलेली अमेरिकन लष्करी अळी मक्याचे कणीस पोखरते. कीडग्रस्त, हलका, काळपट माल माणसांच्या बाजारात चालत नाही. तो स्वस्तात पशुखाद्यात येतो. शेंगदाणा पेंड आणि मका ही वाढीची दोन उत्तम साधने असल्यामुळे हा धोका थेट वाढीशी जोडलेला आहे : अल्प प्रमाणात अनेक दिवस पोटात जाणारे अफ्लाटॉक्सिन यकृताला इजा करते, भूक मंदावते, प्रतिकारशक्ती कमी करते. जनावर आजारी दिसत नाही. फक्त वाढत नाही, आणि मालक टॉनिक आणायला जातो. भारतीय मानकानुसार गोवंशाच्या मिश्र खाद्यात अफ्लाटॉक्सिन बी-१ किलोमागे २० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. दुभत्या गाईच्या बाबतीत त्याचा अंश दुधात उतरतो, हे वेगळेच.

साठवणीत तांबडा पिठातील भुंगेरा, अर्थात ट्रायबोलियम, भातकोंड्यात झपाट्याने वाढतो. त्याच्या अंगातून स्रवणाऱ्या क्विनोन द्रव्यांमुळे कोंड्याला उग्र दर्प येतो आणि जनावरे तोंड फिरवतात. किडींच्या श्वसनाने पोत्यात उष्णता व ओलावा वाढतो, मग बुरशी येते. ताज्या कोंड्याची अडचण आणखी आहे : गिरणीतून बाहेर पडताच त्यातील लायपेज हे विकर तेलाचे विघटन सुरू करते आणि काही दिवसांत कोंडा खवट होतो. उकड्या तांदळाच्या कोंड्यात हे विकर उष्णतेने निष्क्रिय झालेले असल्याने तो अधिक टिकतो. मात्र त्यात तेलही जास्त असते, आणि आहारातील एकूण तेल ५-६ टक्क्यांपुढे गेले की तंतूंचे पचन बिघडते. म्हणून पेंढ्यावरच्या जनावराला तेलविरहित कोंडा बरा. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावीत आणि आधीचे संपल्याखेरीज नवे उघडू नये. घराला लागून असलेल्या खोलीत ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवणे हा जिवाशी खेळ आहे.

पेंढ्याचेही असेच. कुरुवै भाताची कापणी उरकते न उरकते तोच ईशान्य मोसमी पाऊस येतो. यंत्राने बांधलेल्या गठ्ठ्यात १५ टक्क्यांवर ओलावा राहिला, की आतून बुरशी धरते. बाहेरून गठ्ठा सोनेरी दिसतो. उत्तर भारतातील भातपट्ट्यांत बुरशीयुक्त पेंढ्यामुळे म्हशींचे कान, शेपटी आणि खुरांचा भाग सडण्याचा विकार आढळतो. पंजाबातील देग नाल्यावरून त्याला ‘देगनाला’ हे नाव पडले. पूर्व विदर्भातही कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस अपरिचित नाही. गठ्ठा फोडून, मधोमध हात घालून, हुंगून पाहिल्याशिवाय तो गव्हाणीत टाकू नये. काळा किंवा गुलाबी थर दिसला तर तो भाग खतात जावा. युरियाची प्रक्रिया केल्याने बुरशीचा पेंढा ‘शुद्ध’ होतो, ही समजूत सोडून द्यावी.

काळ्या सैनिक माशीच्या अळ्यांपासून केलेले प्रथिनयुक्त खाद्य गाईगुरांना चालेल का, हा प्रश्न मला हल्ली वारंवार विचारला जातो. कोंबड्या आणि माशांसाठी ते उपयुक्त आहे. युरोपीय संघाने २०१७ मध्ये मत्स्यखाद्यासाठी आणि २०२१ मध्ये डुकरे व कोंबड्यांसाठी त्यास मान्यता दिली. रवंथ करणाऱ्या जनावरांसाठी मात्र नाही, आणि त्यामागे ‘मॅड काऊ’ रोगाचा अनुभव आहे. त्याहून साधे कारण असे की, गाईच्या पोटातील सूक्ष्मजीव युरियातील स्वस्त नत्रापासून प्रथिने बनवतात. त्यांना महागडी अळी खाऊ घालण्यात अर्थ नाही.

खाद्यातून माशी मारण्याविषयी

कीटक आणि वाढ यांचा आणखी एक संबंध गोठ्यात रोज दिसतो. रक्त पिणाऱ्या माश्या आणि गोचिडांनी त्रासलेले जनावर चरणे सोडून शेपटी मारते, पाय आपटते, एका जागी गर्दी करून उभे राहते. शिंगमाशीच्या बाबतीत अमेरिकेत प्रति जनावर सुमारे २०० माश्या ही आर्थिक नुकसानीची पातळी धरतात. तेथे डायफ्लुबेन्झुरॉन किंवा मेथोप्रीन ही कीटकवाढरोधके खाद्यात मिसळतात. ती पोटातून न पचता शेणात उतरतात आणि तेथील अळ्यांची वाढ रोखतात. कल्पना चतुर आहे, पण शेजारच्या गोठ्यातून उडत येणाऱ्या माशीवर तिचा काहीच परिणाम होत नाही. तीन-चार जनावरांच्या, भिंतीला भिंत लागून असलेल्या गोठ्यांच्या आपल्या गावांत एकट्याने हा खर्च करण्यात हशील नाही.

शिवाय शेण ही केवळ माश्यांची जागा नाही. ऑस्ट्रेलियात स्थानिक शेणकिडे गाईच्या शेणाला सरावलेले नव्हते. कुरणांवर शेण साचून म्हैसमाशी बेसुमार वाढली, तेव्हा जॉर्ज बोर्नेमिस्सा यांच्या पुढाकाराने १९६०च्या दशकापासून आफ्रिका व इतरत्रून शेणकिडे आणून सोडावे लागले. आपल्याकडे हे शेणकिडे आधीपासून आहेत. आयव्हरमेक्टिनसारख्या जंतनाशकाचा अंश शेणात काही दिवस टिकतो आणि त्यांच्या अळ्यांना मारतो. म्हणून सर्व जनावरांना एकाच दिवशी, कारण नसताना ते टोचू नये. जंताची बाधा शेण तपासून ठरवावी. गोठ्यातले शेण आठवड्यातून दोनदा काढून पातळ थरात पसरले, तर उन्हाने ते सुकते आणि माशीची पिढी पूर्ण होत नाही. पावसाळ्यात पसरून उपयोग नसतो. तेव्हा ढीग करून प्लास्टिकने झाकावा, आतील उष्णतेने अळ्या मरतात. पेंढ्यावर युरियाची प्रक्रिया करण्यासाठी आणलेले तेच प्लास्टिक धुऊन या कामी येते, मात्र पुन्हा वैरणीवर घालू नये.